छातीवर कोण बसतं? जागल, रात्रीची लाईन आणि तुटक झोप

हरभरा पाण्याला आला, तुरीवर रानडुकरं पडायला लागली की यवतमाळकडच्या आमच्या खेड्यांत पानटपरीवर एक तक्रार हमखास कानावर येते. “रातच्यानं झोपीत कोनंतरी दाबलं मले.” सांगणारा हळू आवाजात सांगतो. ऐकणाऱ्यांतला एखादा लगेच म्हणतो, “त्या चिचीखाली निजू नोको म्हनलं होतं ना तुले.” मग लिंबू, अंगारा, अमावस्या कधी होती याचा हिशेब, सगळं ओघानं येतं.

अनुभव बहुतेकांचा सारखाच. जाग येते. आपण आपल्याच घरात, आपल्याच बाजेवर आहोत हे नीट कळतं. आढं दिसतं, शेजारच्याचं घोरणं ऐकू येतं. पण हात उचलत नाही. ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही. छातीवर ओझं येतं, श्वास पुरत नाही, आणि कोपऱ्यात कोणीतरी उभं आहे अशी पक्की खात्री वाटते. मग एकाएकी सगळं सुटतं आणि माणूस घामाघूम होऊन उठून बसतो.

मलाही हे झालं आहे. बारावीच्या वर्षी रात्री उशिरापर्यंत अभ्यास, पहाटे पुन्हा उठणं आणि दुपारी येऊन उताणं पडणं असा माझा क्रम होता. अशाच एका दुपारी जाग आली. आई चुलीपाशी तवा घासत होती, राखेचा तो खरखर आवाज मला स्वच्छ येत होता. हाक मारायची होती, जीभ हलेना. आणि पायथ्याशी गादी दबली, कोणीतरी येऊन बसलं. मान वळवून बघता येत नव्हतं आणि बघायची हिंमतही नव्हती. आईनं “चहा घेतं का वो?” म्हणत खांद्याला हात लावला, आणि अंग मोकळं झालं. मी कुणालाच बोलले नाही. वेड लागलं म्हणतील याची भीती त्या पायथ्याच्या माणसापेक्षा मोठी होती.

म्हणून सुरुवातीलाच सांगते, ज्याला हे होतं तो खोटं बोलत नाही, आणि त्याचं डोकंही फिरलेलं नाही. डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात: झोप लागताना किंवा जाग येताना भान असतं, पण शरीर थोडा वेळ हलत नाही. ते का होतं आणि आमच्या भागात काही ठरावीक लोकांनाच जास्त का होतं, हे समजून घेऊ.

रोज रात्री अंग सैल पडतं

रात्रभराची झोप एकसारखी नसते. साधारण दीड तासाचा एक फेरा असे चार-पाच फेरे रात्रीत होतात. फेऱ्यात आधी हलकी झोप, मग गाढ, आणि शेवटी एक वेगळीच झोप येते. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांना दिसलं की, झोपलेल्या माणसाची बुबुळं काही वेळा मिटल्या पापण्यांखाली भराभर फिरतात, आणि नेमकं तेव्हा उठवलं तर तो स्वप्न सांगतो. हिला रेम झोप म्हणतात. इथे मी तिला स्वप्नझोप म्हणेन. मोठ्या माणसाच्या झोपेचा साधारण २० ते २५ टक्के भाग हिचा असतो, आणि पहाटेकडे तो वाढत जातो. पहाटेची स्वप्नं लक्षात राहतात ती यामुळेच.

स्वप्नझोपेत मेंदू जवळपास जागेपणाइतकाच कामात असतो. स्वप्नात आपण डुकरामागं पळतो, विहिरीत उतरतो, भांडतो. ते सगळं हातापायांनी खरंच केलं असतं तर रोज कोणी ना कोणी बाजेवरून पडलं असतं. म्हणून मेंदूच्या बुंध्यातून, म्हणजे मान आणि डोकं जुळतं तिथल्या भागातून, पाठीच्या कण्यातल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींना थांबण्याचा निरोप जातो. हात, पाय, मान सैल पडतात. डोळे फिरवणारे स्नायू आणि श्वासाचा मुख्य पडदा तेवढा चालू राहतो. ट्रॅक्टरचं इंजिन पूर्ण रेसवर असावं आणि क्लच दाबलेला असावा, तसं. आवाज आहे, ताकद आहे, चाक मात्र फिरत नाही.

फ्रान्समधल्या लिओं शहरात मिशेल जुव्हे यांनी मांजरांवर हे दाखवलं. मेंदूच्या त्या भागाला इजा केली की मांजर झोपेतच दबा धरायचं, झेप घ्यायचं. माणसांतही काहींचा हा बंदोबस्त बिघडतो आणि ते झोपेत लाथा मारतात, शेजारच्याला ठोसे लगावतात. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी असे रुग्ण नोंदवले. आपण बोलतोय तो प्रकार याच्या उलटा. इथे बंदोबस्त शाबूत असतो, पण वेळेवर उठत नाही. भान आधी येतं, क्लच मागाहून सुटतो. हा मधला वेळ काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा असतो. त्या माणसाला तो अर्ध्या रात्रीएवढा वाटतो, हेही खरं.

“पण मी तर जागाच होतो, डोळे उघडे होते”

हो, होतात. हीच तर त्यातली भीती. स्वप्न पडलं म्हणून कोणी समजूत घातली की माणूस चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबर आहे. डोळे उघडे असतात, खोली दिसते, तवा घासल्याचा आवाज खरा असतो. फक्त मेंदूचा स्वप्नं रचणारा भाग अजून थांबलेला नसतो. खऱ्या खोलीवर तो आपलं चित्र चढवतो.

ते चित्र इतकं भयंकर का, याचंही उत्तर आहे. मेंदूत धोका ओळखणारा एक छोटा भाग आहे, अमिग्डला. स्वप्नझोपेत तो चांगलाच जागा असतो. त्यात भान आलं आणि अंग हलत नाही म्हटल्यावर, ‘कोणीतरी आपल्याला धरलंय’ हा अर्थ मेंदू झटकन काढतो. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जे. ॲलन चेन यांनी असे असंख्य अनुभव तपासून त्यांचे तीन गट केले. एकात कोणीतरी खोलीत आल्याचं जाणवतं, पावलं वाजतात. दुसऱ्यात छातीवर दाब येतो, गळा आवळला जातो. तिसऱ्यात आपण तरंगतोय, पडतोय, शरीराबाहेर निघालोय असं वाटतं. जपानमध्ये लोक याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी चेटकीण येऊन बसली म्हणतात. आमच्याकडे मुंजा येतो, हडळ येते, नाहीतर नुसतंच ‘बाहेरचं’ येतं. लहानपणी ज्याच्या गोष्टी ऐकल्या, तोच येऊन बसतो.

“श्वास बंद पडून माणूस मेला तर?”

नुसत्या स्लीप पॅरालिसिसनं माणूस मरत नाही. श्वासाचा पडदा चालूच असतो. छातीच्या फासळ्यांमधले मदतनीस स्नायू मात्र सैल असतात, त्यामुळे ठरवून मोठा श्वास घेता येत नाही. घाबरलेला माणूस नेमका तोच घ्यायला जातो, जमत नाही, आणि कोणी छाती दाबतंय असं वाटतं. उताण्या झोपणाऱ्यांना हा प्रकार जास्त होतो, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे.

वावरातलं भूत घरी कसं येतं?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. आमच्या शेजारचे एक काका हिवाळ्यात जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जातात. शेतात मचाण आहे. हातात टॉर्च, जवळ वाजवायला पत्र्याचा डबा, खिशात तंबाखू-सुपारीचा खर्रा. लाईन, म्हणजे पंपाची वीज, दिवसाची असली तर बरं, रात्रीची असली तर मध्यरात्री स्टार्टर दाबायचा, दोन-तीन तासांनी थंडगार चिखलात उतरून तुषारचे पाइप बदलायचे, मधल्या वेळात घोंगडीत डोळा लावायचा, डुकराची चाहूल लागली की उठायचं. पहाटे घरी यायचं. त्यांना वारंवार दाबायचं. मी विचारलं, “काका, मचाणावर होते का तसं?” ते म्हणाले, “नाई ना बाई. वावरात काईच नाई होत. घरी येऊन उताना पडलो, डोळा लागला का नाई लागला, का दाबते.”

सगळं उत्तर या वाक्यात आहे. चिचेवरचा मुंजा असता तर चिचेखाली दाबला असता. नेहमी झोप लागल्यावर स्वप्नझोप यायला तास-दीड तास लागतो. पण अनेक रात्री तुटक झोपलेलं शरीर स्वप्नझोपेला भुकेलेलं असतं, आणि पहाटेची वेळ तर तिचीच. अशा वेळी माणूस जागेपणातून थेट तिच्यात उतरतो, भान पुरतं मावळण्याआधीच. जपानी संशोधकांनी १९९२ मध्ये हे प्रयोगशाळेत करून पाहिलं. रात्री झोपलेल्यांना मध्येच उठवलं, थोडा वेळ जागं ठेवलं, पुन्हा झोपू दिलं. काहींना तिथेच, यंत्रं लावलेली असताना, स्लीप पॅरालिसिस झाला आणि ते थेट स्वप्नझोपेत गेल्याची नोंद कागदावर आली. झोपलं, उठवलं, पुन्हा झोपलं: आमच्या जागलीचं वेळापत्रक तरी याहून वेगळं काय आहे?

ब्रायन शार्पलेस आणि जॅक बार्बर यांनी २०११ मध्ये ३५ अभ्यास एकत्र करून पाहिले. आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेले लोक सर्वसाधारण जनतेत सुमारे ८ टक्के निघाले, विद्यार्थ्यांत सुमारे २८ टक्के. परीक्षेची जागरणं आठवली की विद्यार्थ्यांचा आकडा नवलाचा वाटत नाही. जागलीवरचा शेतकरी, रात्रपाळीचा जिनिंगमधला मजूर, भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावणारी आणि रात्री जागणारी पोरं, तान्हं बाळ असलेली आई: आमच्या गावात या तक्रारी मी यांच्याच तोंडून ऐकते. त्यात कर्जाची, नापिकीची चिंता असली तर झोप आणखी मोडते.

एकाच घरात दोघा-तिघांना होतं म्हणून ‘घरच बाधित आहे’ असं म्हणतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासात यात आनुवंशिकतेचा वाटा असल्याचं दिसलं आहे. शिवाय एका घरातली माणसं लाईनही एकच वापरतात आणि रात्रीही एकत्रच जागतात.

“मग उतारा केल्यावर थांबलं कसं?”

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. हा त्रास बहुतेकांना येऊन-जाऊन असतो. सलग काही रात्री दाबलं की माणूस उतारा करतो, आणि तोवर लाईन दिवसाची झालेली असते किंवा पाण्याची पाळी संपलेली असते. दुसरं म्हणजे उताऱ्यानंतर घरचे त्याला एकटं झोपू देत नाहीत, जागलीला दुसऱ्याला पाठवतात, मनातली धास्ती उतरते. झोप सुधारते, दाबणं थांबतं. उशाशी विळा ठेवून कोणाला धीर येत असेल तर माझं भांडण नाही. तान्ह्या बाळाजवळ मात्र धारेचं काही ठेवू नका.

माझं भांडण सुरू होतं ते पुढच्या पायरीवर. माझ्या मावसबहिणीला पहिल्या बाळंतपणानंतर असं व्हायला लागलं. बाळ रात्रीतून चार वेळा उठायचं, दिवसा पाहुण्यांची वर्दळ. तिनं सासरी सांगितलं, तर तिला एका बाहेरचं पाहणाऱ्याकडे नेलं. त्यानं तिला मिरचीच्या धुरीसमोर बसवलं. ओली बाळंतीण, डोळे सुजलेले, घरी बाळ भुकेनं रडतंय. हे लिहिताना आजही माझा हात थरथरतो. पुढे गावातल्या आशा कार्यकर्त्या ताईंनी तिला एकच गोष्ट विचारली, “तू झोपतं किती?” सासूबाईंना समजावलं. सासूबाई संध्याकाळी बाळ घ्यायला लागल्या, दुपारी तिला अंधाऱ्या खोलीत निजू द्यायला लागल्या, आणि हळूहळू त्रास गेला.

भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत आहे. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते.

हे झोपेचं नाही, इथे थांबू नका

स्लीप पॅरालिसिसची खूण अशी: काही मिनिटांच्या आत सुटतो आणि सुटला की माणूस पूर्वीसारखा ठणठणीत असतो. सुटत नसेल, वाढत असेल, तर गोष्ट वेगळी आहे.

आमच्या भागात सगळ्यात मोठा धोका मण्यारीचा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणात चावते. दात बारीक, दुखणं जवळपास नाही, सूज नाही, खूण कित्येकदा सापडतही नाही. माणूस पहाटे उठतो तो पोट दुखतंय म्हणत. मग पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही, जीभ जड होते, हातपाय गळतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. इथे “बाहेरचं झालं” म्हणून अंगारा लावण्यात गेलेला प्रत्येक तास जिवावर बेततो. पापण्या पडणं आणि लकवा वाढत जाणं दिसलं की १०८ ला फोन करा आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) असलेलं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. जागलीवर असाल तर जमिनीवर झोपू नका. मचाण किंवा बाज वापरा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एकच हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं ही पक्षाघाताची लक्षणं, त्यातही लगेच दवाखाना. उठल्यावर तासन्‌तास हातपायांत जीव नसेल तर रक्तातलं पोटॅशियम तपासावं लागतं. फवारणी करून आल्यावर अशक्तपणा, लाळ, घाम आणि अंधुक दिसणं असेल तर ती विषबाधा आहे.

काही लोकांनी घाई नाही, पण डॉक्टरांना भेटावं. दिवसा बोलता-बोलता, गाडी चालवताना झोप आवरत नाही आणि मोठ्यानं हसलं की गुडघे ढिले पडतात, अशांना नार्कोलेप्सी नावाचा झोपेचा आजार असू शकतो. जोरात घोरून मध्येच श्वास थांबत असेल तर तेही सांगावं. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर बंद करू नका. काही गोळ्या एकाएकी तोडल्या की स्वप्नझोप उसळून येते. आणि दाबलं जाईल या धास्तीनं कोणी झोपायलाच घाबरत असेल, किंवा जगण्यात रस उरला नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही.

त्या क्षणी काय करायचं

झटापट करू नका. सगळं अंग एकदम उचलायला गेलं की ते हलत नाही आणि घबराट वाढते. हे सुटणार आहे, हे स्वतःला सांगा. श्वास चालतोय तसा चालू द्या. डोळे फिरवता येतात, ते फिरवा. मग फक्त पायाचा अंगठा किंवा करंगळी हलवायचा प्रयत्न करा. घरच्यांनी खांद्याला हात लावला, नाव घेऊन हाक मारली तर बऱ्याचदा लगेच सुटतं, म्हणून शेजारी झोपणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. सुटल्यावर तसंच पुन्हा डोळे मिटू नका, नाहीतर लगेच परत होऊ शकतं. उठून पाणी प्या, कुशीवर वळून झोपा.

“लाईन रात्रीच येते, झोपायचं कधी?”

वेळेवर झोपा असं शहरातला डॉक्टर सहज सांगतो. रात्री पाणी देणाऱ्याला ते कसं जमावं? पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. रात्री जागायचं ठरलंच असेल तर जाण्याआधी संध्याकाळी तासभर निजून जा. मध्यरात्रीनंतर चहा आणि खर्रा टाळा. दोन्हींनी झोप उडते आणि पहाटे पडल्यावरही नीट लागत नाही. थंडी मारायला दारू घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की दारूनं झोप आधी येते आणि नंतर तुटते, त्या तुटण्यातच दाबण्याचे प्रकार होतात. पहाटे आल्यावर कुशीवर झोपा. पाठीमागं उशी किंवा गुंडाळलेली गोधडी लावली तर झोपेत उताणं होत नाही. खिडकीला जाड पोतं लावून अंधार करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घरच्यांनी त्या तीन-चार तासांत उठवू नये.

पाळी वाटून घेणं सगळ्यात कामाचं. धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून असलेल्या दोघांनी एकेक रात्र वाटून घेतली, एकानं दोघांचे पाइप बदलले, तर दुसऱ्याला सलग झोप मिळते. शेजारच्या काकांनी यंदा असं केलं. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे. तुमच्या भागाला वीज देणारा फीडर तिच्यात आला आहे का, हे वीज कार्यालयात विचारा, नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. त्या ठरावात साप, विंचू आणि रानडुकरांसोबत शेतकऱ्याची मोडलेली झोपही लिहा.